घाटाची शर्यत आणि सहा आठवड्यांचा सराव

मुंबई-पुणे सायकल शर्यतीची खरी कसोटी खोपोली ओलांडल्यावर लागते. तेथून खंडाळ्यापर्यंत बोरघाटात सुमारे ५०० मीटर उंची चढावी लागते. नोकरी वा शेती सांभाळणाऱ्या स्पर्धकाच्या हाती तयारीसाठी सहाच आठवडे असतील, तर अंतर वाढविण्याच्या घाईपेक्षा सरावाची आखणी अधिक महत्त्वाची ठरते.

आठवड्यातून चार दिवस सराव करावा. दोन दिवस सपाट रस्त्यावर तासभर मध्यम गतीने सायकल चालवावी. एक दिवस चढणीसाठी राखावा. चार मिनिटे जोर लावून चढावे, सावकाश खाली यावे, आणि असे चार-पाच वेळा करावे. सुटीच्या दिवशी लांबची फेरी घ्यावी व तिचे अंतर दर आठवड्यास थोडेथोडेच वाढवावे. या फेरीत पाणी आणि केळी किंवा गूळ-शेंगदाणे सोबत असावेत.

उरलेले तीन दिवस वाया गेले असे मानू नये, कारण श्रमलेले स्नायू विश्रांतीतच बळकट होतात. एकाएकी वाढविलेला सराव बहुधा गुडघ्यांना भोवतो. अखेरच्या आठवड्यात तर सराव निम्म्यावर आणणेच हितावह होय.

सहा आठवड्यांत विजेता घडेलच असे नाही. परंतु शिस्तीने सराव करणारा स्पर्धक घाटमाथा गाठल्यावरही पुण्यापर्यंत पुरेल एवढे बळ राखू शकतो.