पॉवर टिलरच्या दांड्याचा हादरा : निदान आणि दक्षता

खाजन जमिनी, मेरांनी विभागलेले लहान लहान कुणगे आणि चिखलणीची भातशेती यांना पॉवर टिलर हे यंत्र विशेष मानवते. मोठा ट्रॅक्टर जेथे वळविता येत नाही, तेथे हे दुचाकी यंत्र सहज फिरते. मात्र ट्रॅक्टरचा चालक आसनावर बसलेला असतो, तर पॉवर टिलरचा चालक शेतात बहुधा यंत्रामागून चालतो आणि इंजिनाचा प्रत्येक हादरा दांड्यावाटे त्याच्या पंजात उतरतो. ‘यंत्र म्हटले की ते हादरणारच’ अशी मनाची समजूत घालून पुष्कळ जण तो मुकाट्याने सोसतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. नेहमीचा कंप कोणता आणि बिघाडाचा हादरा कोणता, हे शेतकरी बांधवांना स्वतः ओळखता यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कंप का उत्पन्न होतो?

पॉवर टिलरला सामान्यतः एका सिलिंडरचे डिझेल इंजिन असते. त्यातील दट्ट्या वेगाने धावतो, टोकाला क्षणभर थांबतो आणि पुन्हा उलट धावतो. या धावत्या वजनाचा झोक फिरत्या आसावरील प्रतिवजनांनी बराचसा तोलला जातो, परंतु पूर्णपणे तोलला जात नाही. अनेक सिलिंडरांच्या इंजिनात एकाचा झोक दुसरा सावरतो. येथे सावरणारा जोडीदार नसतो. म्हणून थोडा, एकसारखा आणि ठेक्यातला कंप हा या यंत्राचा स्वभावच होय.

या कंपाचे प्रमाण एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. मशागतीची रुंदी ६० सेंटीमीटर धरली, तर एक हेक्टर जमीन एकदा फिरविण्यास चालकाला साडेसोळा किलोमीटरांहून अधिक चालावे लागते. ताशी २ किलोमीटर गतीने हे आठ तासांचे काम झाले. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर आठ तासांत ९ लाख ६० हजार फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर एक झोक यंत्राच्या सांगाड्यास व चालकाच्या हातास बसतो. एखादा बोल्ट किंचित सैल राहिला, तर एका दिवसात त्याचे काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

बैठक सैल का होते?

इंजिन ज्या बोल्टांनी सांगाड्यावर बसविलेले असते, त्या जोडणीला आपण इंजिनाची बैठक म्हणू. अनेक नमुन्यांत व्ही-पट्ट्यांचा ताण वाढविण्यासाठी हेच बोल्ट ढिले करून इंजिन पुढे सरकवावे लागते. हंगामाच्या घाईत पट्टे ताणले जातात, पण चारही बोल्ट पुन्हा पुरते आवळले गेले की नाही, हे पाहण्याचे राहून जाते. सैल बोल्टाखाली इंजिन सूक्ष्म प्रमाणात घसरू लागते, घसरण्याने भोक लांबट होते आणि लांबट भोकातील बोल्ट कितीही आवळला तरी फार काळ टिकत नाही. शेवटी भोकाच्या कडेला किंवा वेल्डिंगच्या सांध्यापाशी सांगाड्यास तडा जातो. काही यंत्रांत बैठकीखाली रबराचे ठोकळे असतात. तेलाने, उन्हाने व कालमानाने ते कडक होतात, चिरतात किंवा धातूच्या पत्र्यापासून सुटतात. असे झाल्यास बोल्ट आवळून उपयोग नाही. ठोकळाच बदलावा लागतो.

निदानाचा क्रम

पहिली पायरी इंजिन बंद व थंड असताना करावी. बैठकीभोवतीचा चिखल पुसून काढावा आणि उजेडात नीट पाहावे. बोल्टाच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी किंवा काळपट ओघळ दिसल्यास, रंग घासला गेला असल्यास, तेथे धातूवर धातू घासत आहे असे समजावे. त्यानंतर मजबूत लाकडी दांडक्याने इंजिनाला हलकीशी उचल द्यावी. इंजिन आणि सांगाडा यांमध्ये फट उघडते-मिटते आहे असे दिसले, तर दोष सापडला. दांडा जेथे यंत्राला जोडलेला असतो, तेथील बोल्टही याच वेळी तपासावेत. कित्येकदा इंजिन निर्दोष असून केवळ हा सांधाच सैल असतो.

दुसरी पायरी यंत्र मोकळ्या जागेत उभे करून पार पाडावी. बंद खोलीत इंजिन चालविल्यास धुरातील विषारी वायूने प्राणास धोका पोचतो. गिअर तटस्थ ठेवून व क्लच सोडवून इंजिनाची गती हळूहळू वाढवावी. हादरा याच स्थितीत येत असेल, तर दोष इंजिन, बैठक, पुली वा पट्टे यांत आहे. एखाद्या विशिष्ट गतीलाच दांडा अधिक थरथरून पुढे शांत होणे, हे पुष्कळदा दांड्याच्या स्वाभाविक कंपनाचे लक्षण असते. मात्र ते नव्यानेच दिसू लागले असेल, तर कोठला तरी सांधा सैल झाला असावा. हादऱ्याला ठेका नसेल आणि इंजिन मधूनमधून अडखळत असेल, तर इंधनात हवा शिरणे किंवा इंजेक्टरचा दोष संभवतो.

तिसऱ्या पायरीत क्लच जोडावा. उभ्या यंत्रात हादरा आताच सुरू झाला, तर क्लच व गिअरपेटीकडे पाहावे. शेतात रोटरी फिरू लागल्यावरच तो येत असेल, तर पाती वाकलेली, तुटलेली वा उलटसुलट बसविलेली आहेत काय, हे इंजिन बंद करूनच तपासावे. केवळ चालतानाच हादरा बसत असेल, तर दोष चाकांचा असतो.

दुरुस्ती

बोल्ट मूळ मापाचा व मूळ प्रतीचाच वापरावा. त्याला योग्य वॉशर घालून तो समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तिकेत सांगितलेल्या जोराने आवळावा. पट्टे संचानेच बदलावेत. एक नवा व एक जुना असल्यास दोघांवर सारखा ताण येत नाही. दोन्ही पुल्यांच्या तोंडांवर सुतळी ताणून धरल्यास त्या एका रेषेत आहेत की नाहीत, हे समजते. काही तासांच्या कामानंतर सर्व बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत आणि नट व सांगाडा यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असे समजावे. सांगाड्याला तडा असल्यास वरवरचे वेल्डिंग न करता इंजिन उतरवून कुशल कारागिराकडून काम करून घ्यावे.

हाताचे आरोग्य

हादऱ्याची दुसरी झळ माणसाला पोचते. अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे हवेच्या दाबाने चालणाऱ्या छिन्न्यांनी दगड घडविणाऱ्या कामगारांची पाहणी डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली केली, तेव्हा त्यांची बोटे थंडीत पांढरी व बधिर पडत असल्याचे दिसून आले. दीर्घकाळच्या कंपाने बोटांतील रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना इजा होते, हे आता सर्वमान्य आहे. रात्री बोटांना मुंग्या येणे, सदऱ्याची गुंडी लावताना बोटे न वळणे, मूठ सैल पडणे ही लक्षणे थकव्याची म्हणून सोडून देऊ नयेत. वैद्यकीय सल्ला घ्यावा. जाड हातमोजे हात कोरडे व उबदार ठेवतात, परंतु इंजिनाचा हा मंद गतीचा कंप ते फारसे रोखू शकत नाहीत. दांडा आवश्यक तेवढाच घट्ट धरणे, मध्ये विश्रांती घेणे आणि दोन चालकांनी पाळीपाळीने काम करणे हे अधिक उपयुक्त होय.

भाड्याने यंत्रे देणाऱ्या संस्थांनी यंत्राच्या नोंदवहीत बोल्ट तपासल्याची तारीख लिहिण्याचा प्रघात पाडावा. यंत्र अनेकांच्या हाती जाते, तेव्हा देखभालीची जबाबदारी कोणाचीच नसते; नोंद असली की ती कोणाची तरी होते. शिक्षकांनाही यंत्रशास्त्राचा हा धडा मुलांना गावच्या शेतातच दाखविता येईल. पाना घेऊन दिलेली पंधरा मिनिटे सांगाडा वाचवितात, हंगाम वाचवितात आणि ज्या हातांवर शेती उभी आहे ते हातही वाचवितात. म्हणून हादरा सोसत बसू नये. तो कोठून येतो ते शोधून काढावे.