कोपऱ्यावरचा गडी आणि सातांची साखळी

कबड्डीचा सामना पाहावयास जमलेल्या गर्दीचे डोळे बहुधा एकाच माणसावर खिळलेले असतात. तो म्हणजे चढाई करणारा. तो दम घेऊन मध्यरेषा ओलांडतो, पाय फेकतो, हूल देतो, एखाद्याला शिवून परत येतो आणि टाळ्या घेतो. पलीकडे उभ्या असलेल्या सात गड्यांकडे लक्ष देऊन पाहणारे थोडे. त्या सातांतही अगदी कडेला, अंतिम रेषेला पाठ लावल्यासारखा जो उभा असतो, त्या कोपऱ्यावरच्या गड्याकडे तर त्याच्या हातून चूक होईपर्यंत कोणाचेच लक्ष जात नाही. प्रस्तुत लेख या दुर्लक्षित गड्याविषयी आहे. चांगली पकड असलेला तरुण खेळाडू मोठ्या संघात आला की का अडखळतो, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

प्रथम मैदान नीट समजून घेऊ. पुरुषांचे क्रीडांगण 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते. प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर लांबीचे अंगण येते. दोन्ही कडांना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र असते. चढाई करणाऱ्याशी स्पर्श वा झटापट होण्यापूर्वी तेथे पाय टाकणारा गडी बाद होतो. म्हणजे प्रत्यक्षात सात जणांना 8 मीटर रुंदी राखावयाची असते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. सात गडी डावीकडून उजवीकडे असे उभे राहतात : डावा कोपरा, डावा इन, डावा कव्हर, सेंटर, उजवा कव्हर, उजवा इन आणि उजवा कोपरा. पुष्कळ संघ दोन-तीन-दोन अशी रचना करतात. कडेच्या दोन जोड्या हातात हात घालून उभ्या राहतात आणि मधले तिघे एकत्र. हीच साखळी.

आता कोपऱ्याचे काम पाहा. अंगणात सहा किंवा अधिक गडी असताना चढाई करणारा बोनस रेषेपलीकडे एक पाय टाकून, दुसरा पाय हवेत ठेवून एक गुण मिळवू शकतो. तो पाय कोपऱ्याच्या अगदी पुढ्यात पडतो. घोटा पकडण्याची याहून चांगली संधी नाही, असे वाटते. पण हिशेब करून पाहू. बोनस रेषेपासून मध्यरेषा पावणेपाच मीटर दूर. घोटा धरला गेल्यावर चढाई करणारा मध्यरेषेच्या दिशेने अंग झोकतो. उंचापुरा माणूस हात लांब करून पडला तर दोन मीटरांहून अधिक अंतर त्याच्या शरीरानेच व्यापले जाते. उरलेले अडीच मीटर तो कोपऱ्याला ओढत नेतो की तेथेच अडतो, यावर सारे अवलंबून असते. मध्यरेषेला त्याचे बोट लागले तरी पुरे. बोनसचा गुण तर त्याला मिळतोच. शिवाय धरणारा गडी बाद होतो आणि त्याचा आणखी एक गुण जातो. पाय सोडून दिला असता तर एकच गुण गेला असता आणि गडी अंगणात राहिला असता. म्हणून घोटा धरणे ही पकडीची केवळ सुरुवात आहे. ती पुरी करतात शेजारचा इन आणि धावून येणारा कव्हर. कोपरा पाय थांबवतो, इन कमरेला भिडतो, कव्हर मध्यरेषेची वाट बंद करतो. तिघांपैकी एकास पळभर उशीर झाला की पकड सुटते आणि दोष मात्र कोपऱ्याच्या माथी येतो.

आमच्या संघातील एका मित्राचे उदाहरण देतो. वरणगावाजवळच्या एका खेड्यातून तो रोज एसटीने येई. केळीच्या बागेत कामाची सवय असलेले त्याचे हात. घोटा त्यांत सापडला की सुटणे कठीण. गावच्या मातीवर त्याचा दबदबा होता. कॉलेजच्या संघात सरांनी त्याला डाव्या कोपऱ्यावर घेतले आणि पहिल्याच आंतरमहाविद्यालयीन सामन्यात पूर्वार्धात तो चार वेळा बाद झाला. एकदा पकडीच्या घाईत स्पर्शापूर्वीच त्याचा पाय राखीव क्षेत्रात पडला. उरलेल्या तीन वेळा घोटा हातात होता, पण गडी निसटला. उत्तरार्धात त्याला बाहेर बसावे लागले. परतीच्या प्रवासात तो मला एवढेच म्हणाला, “भाऊ, मी पाय धरला होता. सुटला त्यात एकट्याचा दोष काय?” त्याच्या घरच्यांची आशा पोलीस भरतीवर होती आणि खेळाडूंच्या राखीव जागांसाठी मैदानावरची कामगिरी कामी येते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. म्हणून त्या प्रश्नाला हसून टाळणे मला जमले नाही.

पुढे कित्येक दिवस आम्ही या प्रश्नाचा विचार केला. दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की, गावच्या संघात नीट पकड करणारा तो एकटाच. बाकीचे बाद झाले की दोघे-तिघे उरत आणि त्याने धरले तरच संघ वाचे. तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या पकडीस हल्ली एक जादा गुणही मिळतो. अशा वेळी धाडस हाच शहाणपणा ठरतो. पण अंगणात सात जण असतानाही तो तिघांत असल्यासारखा खेळे. हात सोडून पुढे झेपावणे त्याच्या अंगवळणी पडले होते. शिवाय मातीवर चढाई करणाऱ्याचा पाय सरकतो आणि उशिरा घातलेला हातही लागू पडतो. मॅटवर बूट घट्ट रुततात, वळण जलद घेता येते. तेथे तोच हात अर्ध्या क्षणाने मागे पडतो.

दुसरी गोष्ट सांगावयास मला संकोच वाटतो. त्याच्या शेजारी इनच्या जागी मीच उभा असे. मी बोनस रेषेजवळ, फार पुढे उभा राहत असल्याने आमचे हात ताणलेले असत. त्याने झेप घेतली की माझ्या हातातून त्याचा हात सुटे आणि मी वळून कमरेपर्यंत पोहोचेपर्यंत सावज गेलेले असे. म्हणजे त्याला साखळीत राहता येत नव्हते हे खरे, पण साखळीही त्याच्या मापाची केलेली नव्हती.

सरांनी दोन्ही बाजूंनी उपाय केला. मला एक पाऊल मागे घेतले. हात दाबण्याची खूण ठरली. मी हात दाबल्याशिवाय त्याने झेपावू नये. सात गडी असताना पहिला बोनस खुशाल जाऊ द्यावा, असा दंडक घातला. उलट, अंगणात तिघे उरले किंवा विरुद्ध संघाच्या लागोपाठ दोन चढाया गुणाविना गेल्या की त्याला मोकळीक. कारण या नियमाने खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांत तिसऱ्या चढाईत गुण न मिळाल्यास चढाई करणारा बाद होतो, तेव्हा त्याला खोल यावेच लागते. दोन महिने सकाळी आम्ही एवढेच घोटले.

हा प्रश्न आपल्या खेळापुरताच नाही. अमेरिकेत खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतांशी हातानेच नेला व फेकला जातो. त्यात कडेला राखण करणाऱ्यास कॉर्नरबॅक म्हणतात. काही संघ त्याला एका प्रतिस्पर्ध्यामागे सावलीसारखे राहण्यास सांगतात, तर काही संघ ठरावीक जागा राखण्यास. पहिल्या पद्धतीत वाढलेला तरुण दुसऱ्या पद्धतीत आला की चेंडूकडे पाहावे की माणसाकडे, या संभ्रमात पडतो. हात तेच असतात, पाय तेच असतात. बदलते ती शेजाऱ्याशी असलेली बांधणी.

मोठ्या मैदानावरही हेच दिसते. 1990 साली बीजिंगला कबड्डीचा आशियाई स्पर्धेत समावेश झाल्यापासून 2014 पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली. 2018 साली जकार्ता येथे उपांत्य सामन्यात इराणने भारतास 27–18 असे हरविले. त्या भारतीय संघात डाव्या कोपऱ्याचा आपला मराठी गडी गिरीश इर्नाक होता. इराणचा फजल अत्राचली हाही डाव्या कोपऱ्याचाच खेळाडू. प्रो कबड्डीमुळे तो आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. अशा खेळाडूंची पकड पाहताना नजर त्यांच्या हातांवरून काढून शेजारच्या गड्याच्या पायांवर ठेवावी. पकड कोठे पुरी होते, हे तेथे कळते. 2023 साली हांगझोऊ येथे भारताने इराणला 33–29 असे नमवून सुवर्णपदक परत मिळविले.

आमच्या मित्राचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. पुढचा सामना आम्ही थोडक्यात हरलो. पण त्या सामन्यात तो अखेरपर्यंत अंगणात होता आणि सुटलेल्या पकडींपेक्षा जमलेल्या पकडी अधिक होत्या. विद्यापीठाच्या निवड चाचणीस तो गेला, निवड मात्र झाली नाही. आजही पहाटे मी मैदानावर जातो तेव्हा तो माझ्या आधी आलेला असतो.

मित्रहो, संघात नवा गडी आला की “याला आपली पद्धत जमत नाही” असे आपण चटकन म्हणतो. हे वाक्य उच्चारण्यापूर्वी त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याने आपला हात कोठवर पोहोचतो, ते एकदा मोजून पाहावे.

— तृतीय वर्ष कला