पानाची कड बोलते

प्रश्न : नर्सरीतून ‘कमळ’ म्हणून दोन रोपं आणली. एकाला निळी फुलं येतात आणि ती पाण्याच्या चांगली वीतभर वर असतात. दुसऱ्याची गुलाबी फुलं पाण्यावर टेकून उमलतात. यातलं एक थंड प्रदेशातलं आहे, असं शेजारी म्हणतात. कोणतं, आणि ते आपल्याकडे टिकेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आधी एक सांगून टाकतो, दोन्ही कमळं नव्हेत. कमळाचं पान अखंड गोल असतं, देठ त्याला मधोमध जोडलेला असतो आणि मोठी पानं पाण्याबाहेर उभी राहतात. तुमच्या पानांना कडेपासून देठापर्यंत खाच असणार. म्हणजे ही वॉटर लिली. नर्सरीवाले सगळ्यालाच कमळ म्हणतात. कासच्या पठारावरच्या तळ्यातली कुमुदिनी या दोघांतलीही नाही, तिचं कूळच वेगळं. पांढऱ्या पाकळ्यांवरची झालर पाहिली की ती चटकन ओळखू येते.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. गुलाबी बहुधा थंड प्रदेशातली, निळी उष्ण प्रदेशातली. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. पांढरा, गुलाबी, पिवळा हे रंग दोन्हीकडे आहेत. निळा-जांभळा मात्र उष्ण प्रदेशातल्या लिलींचाच. थायलंडमधल्या संकरकारांनी अलीकडे थंडी सोसणाऱ्या लिलीतही तो उतरवला आहे, पण तशी रोपं अजून दुर्मीळच. फुलाच्या उंचीवरही पूर्ण भरवसा नको, कारण टबात दाटी झाली की थंड प्रदेशातली फुलंही मान वर काढतात.

मी आधी पान बघतो. पाण्यातून उचलून कडेवरून बोट फिरवा. कड सलग, गुळगुळीत लागली तर थंड प्रदेशातली. नागमोडी किंवा दातेरी लागली तर उष्ण प्रदेशातली. देठ जिथे पानाला मिळतो तिथे इवलंसं पिल्लू फुटलेलं दिसलं, तर प्रश्नच मिटला. उष्ण प्रदेशातल्या काही जातीच पानावर रोप धरतात.

एवढ्यानं समाधान झालं नाही, तर कुंडी बदलताना मुळाशी पाहा. थंड प्रदेशातलीचा गड्डा चिखलात आडवा सरपटतो आणि एका टोकाने वाढत जातो. तो कुंडीच्या कडेला, वाढतं टोक मध्याकडे करून लावावा. दुसरीचा कंद आटोपशीर, उभा; तो मधोमध लावावा. नर्सरीत हे कुणी सांगत नाही, मग गड्डा लवकरच कुंडीच्या भिंतीला जाऊन भिडतो.

संध्याकाळी उमलून दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मिटणारी लाल किंवा पांढरी लिली कुठे दिसली, तर तीही उष्ण प्रदेशातलीच. थंड प्रदेशातल्या लिली दिवसाच फुलतात.

थंड प्रदेशातल्या लिलींना एवढे रंग मिळाले त्याचं बरंचसं श्रेय फ्रान्समधल्या लातूर-मार्लियाक यांचं. युरोपातल्या तळ्यांत तेव्हा मुख्यतः पांढरीच लिली होती. तिचा त्यांनी अमेरिकेतल्या जातींशी संकर केला आणि 1889च्या पॅरिस प्रदर्शनात ती रंगीत फुलं मांडली. चित्रकार मोने यांनी आपल्या तळ्यासाठी लिली त्यांच्याकडूनच मागवल्या. तुमची गुलाबीही याच गोतावळ्यातली असू शकेल.

मिरजेत दोन्ही टिकतील. पाच-सहा तास ऊन हवं, एवढीच अट. थंडीत निळी रुसते, पानं लहान पडतात, फुलं थांबतात. पाणी फार गार झालं तर ती पानंही टाकते. लगेच टब रिकामा करू नका. चिखलात हात घालून कंद दाबून पाहा. टणक लागला तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा. मऊ पडून वास मारत असेल तरच काढून टाका.