सिस्टर म्हणाल्या, हे पाप नव्हे

प्रश्न : आजीच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरला तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन कॅन्सर असल्याचं सांगितलं. आजीला आम्ही ‘अल्सर आहे, गोळ्यांनी बरा होईल’ असं सांगून घरी आणलं. मला मात्र त्याची टोचणी लागून राहिली. दवाखान्यातल्या ख्रिस्ती सिस्टर तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘मायेपोटी बोललात, हे पाप नव्हे.’ दहा आज्ञा मानणाऱ्या धर्मात असं चालतं का?
– एक वाचक, अणदूर (जि. धाराशिव)

उत्तर : तुमच्या सिस्टर एका वाक्यात जे बोलून गेल्या, त्यावर ख्रिस्ती पंडितांचं भांडण दीड हजार वर्षांहून जुनं आहे. संत ऑगस्टीन एका प्रवचनात सांगतो की आधी प्रीती करा, मग मनाला येईल ते करा. आणि हाच ऑगस्टीन खोटेपणावर वेगळा ग्रंथ लिहून, कुणाचा जीव वाचवायलासुद्धा खोटं बोलायला मनाई करतो. खुद्द बायबलात मात्र फारोला थाप मारणाऱ्या दोन सुइणी आहेत. इब्री बायकांना झालेले मुलगे मारून टाका, असा हुकूम असताना त्यांनी पोरं जगवली आणि राजाला सांगितलं की आम्ही पोचायच्या आतच त्या बाळंत होतात. देवाने त्यांचं भलंच केलं, असं पुढे लिहिलं आहे.

इथे ‘प्रीती’ हा शब्द जरा जपून घ्यावा लागतो. आपल्याला त्यावरून सिनेमातलं गाणं आठवतं. मराठी बायबलात तो ग्रीकमधल्या ‘अगापे’साठी येतो : माणूस आवडो न आवडो, त्याचं भलं व्हावं म्हणून झिजणं. सिस्टरांचा ‘माया’ हा शब्द मला त्याच्या जास्त जवळचा वाटतो.

अगापे हाच एकमेव नियम, बाकीचे सगळे त्याच्या हाताखालचे, असं ठामपणे मांडलं ते जोसेफ फ्लेचर या अमेरिकन एपिस्कोपल पाद्री-प्राध्यापकाने. त्याचं ‘सिच्युएशन एथिक्स’ 1966 साली आलं. एका टोकाला पुस्तक उघडून कलम लावणारे, दुसऱ्या टोकाला काहीच न मानणारे. फ्लेचर म्हणतो, नियम वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यासारखे जवळ असू द्यावेत. पण एखाद्या प्रसंगात ते प्रीतीच्या आड आले तर बाजूला ठेवावेत. शब्बाथच्या, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या दिवशी भुकेल्या शिष्यांनी कणसं मोडली, तेव्हा येशूनेही शिष्यांचीच बाजू घेतली होती. फ्लेचरच्या पुस्तकातलं एक उदाहरण तर फार अवघड आहे. दुसरं महायुद्ध संपताना एक जर्मन आई युक्रेनमधल्या रशियन छावणीत अडकली. सुटका फक्त फार आजारी किंवा गरोदर बायकांची. घरी नवरा, मुलं. तिने एका पहारेकऱ्याकडून गर्भ राहू दिला, सुटली, आणि घरच्यांनी तिला बाळासकट जवळ केलं. तिने केलं ते बरोबर का, हे फ्लेचर वाचकावरच सोडतो.

रोमला हा विचार मुळीच मानवला नाही. पोप बारावे पायस यांनी 1952 मध्येच त्यावर टीका केली होती आणि 1956 मध्ये कॅथलिक सेमिनरींत तो शिकवण्यावर बंदी आली. तेव्हा सिस्टर कॅथलिक असतील, तर हेच वाक्य फादरांपुढे जरा जपून बोलतील.

माझी अडचण वेगळी आहे. भलं कशात, हे ठरवायचं कुणी? पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत मुलींसाठी शारदा सदन ही शाळा उघडली आणि पुढे ती पुण्याला नेली. कुठल्याही मुलीवर ख्रिस्ती धर्म लादायचा नाही, असा शब्द होता. ब्राह्मण मुलींना तिथे आपला आचार पाळता येई. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडं असे, आणि मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना उठवलं नाही. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुहृदांनी, दिलेला शब्द पाळला जात नाही म्हणून, सल्लागार मंडळ सोडलं, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. आईच्या खोलीचं दार लेकींना लावून घ्यायचं कसं, ही एक माया. विश्वासाने पोर पाठवणाऱ्या घराला दिलेला शब्द पाळायचा, ही दुसरी. मी रमाबाईंना फार मानतो, तरी इथे रानड्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

पॉल रॅम्से या फ्लेचरच्या टीकाकाराचं म्हणणं असंच होतं : प्रीती प्रत्येक प्रसंगी नव्याने हिशेब मांडत नाही, ती शब्द देते आणि त्यात स्वतःला बांधून घेते. अणदूरकरांना हे मी काय सांगणार! तुमचा खंडोबा वर्षातला बहुतेक काळ अणदूरला आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या आगेमागे साधारण दोन महिने नळदुर्गला, आणि मूर्ती हलते ती दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होऊन. यंदा देवाची गरज कुठे जास्त, यावर दर साली बैठक बसवली असती तर? भक्ती दोन्हीकडे तेवढीच. डोकी मात्र फुटली असती. मराठी बायबलाच्या दोन भागांनाही जुना करार आणि नवा करारच म्हणतात.

आता आजींचं. फ्लेचरचं 1966 चं पुस्तक गाजलं. त्याच्या बारा वर्षं आधी, 1954 मध्ये, त्याने ‘मॉरल्स अँड मेडिसिन’ लिहिलं होतं. त्यात तो रुग्णाचा खरं कळण्याचा हक्क हिरिरीने मांडतो : आजार ज्याचा, त्याची माहितीही त्याचीच. म्हणजे प्रीतीपुढे सगळे नियम बाजूला सारणारा हा माणूससुद्धा तुमच्या ‘अल्सर’ला पटकन हो म्हणाला नसता. ते आजींना सोसणार नाही म्हणून बोललात, की त्यांच्यासमोर बसून खरं सांगणं तुम्हालाच झेपेना म्हणून, हे तुम्हीच जाणता. आजींनी गाठीचं पुन्हा विचारलं असेल, तर त्यांना बहुधा अंदाज आलेला आहे. त्यांना शेताच्या वाटणीचं काही सांगून ठेवायचं असेल, बहिणीकडे चार दिवस राहायचं असेल, यंदा देव नळदुर्गला निघेल तेव्हा वेशीपर्यंत सोडायला जायचं असेल. अल्सरच्या पेशंटला ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणून थांबवता येतं.