‘बाळगणे’ आणि ‘जाणणे’ : बनावट नोटांच्या अपिलांतील शब्दविवेक

न्यायालयीन निर्णय हा वाङ्मयप्रकार म्हणून अभ्यासिला जात नाही. तथापि एखाद्या शब्दाच्या अर्थावर मनुष्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते, तेव्हा तो निर्णय भाषेच्या अभ्यासकाचाही विषय ठरतो. बनावट नोटा जवळ असल्याबद्दल झालेल्या शिक्षेविरुद्धची फौजदारी अपिले या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत.

भारतीय दंड संहितेत नोटांच्या बनावटीसंबंधीची ४८९-अ ते ४८९-ड ही कलमे १८९९ च्या अधिनियमाने समाविष्ट झाली. त्यांपैकी ४८९-क हे कलम नोटा जवळ असण्याविषयीचे असून त्यात कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद होती. मात्र केवळ नोट जवळ असणे हा त्या कलमाखाली गुन्हा नव्हता. ती बनावट असल्याचे त्या व्यक्तीस माहीत असले पाहिजे, निदान तसे समजण्यास पुरेसे कारण असले पाहिजे; आणि ती खरी म्हणून वापरण्याचा, अथवा खरी म्हणून वापरली जावी असा, उद्देशही असला पाहिजे. जवळ असणे, जाणणे आणि योजणे या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सिद्ध होणे आवश्यक होते.

मराठीत हा भेद क्रियापदांतच उतरलेला दिसतो. ‘असणे’ हा स्वामित्वाचा अर्थ मराठी स्वतंत्र क्रियापदाने सांगत नाही. ‘त्याच्याजवळ पैसे आहेत’ हे वाक्य मुळात सान्निध्याचे आहे. ‘नोटा सापडल्या’ या वाक्यात तर मनाचा उल्लेखच नाही. याउलट ‘बाळगणे’ या क्रियापदात जपणूक आणि इच्छा अभिप्रेत असते. आशा, भीती, वैर बाळगले जाते, ते मनाच्या आधारानेच. म्हणून ‘बनावट नोटा बाळगल्या’ असा आरोप मराठीत लिहिला जातो तेव्हा जे सिद्ध व्हावयाचे ते क्रियापदाने आधीच गृहीत धरलेले असते. ‘कब्जा’ आणि ‘ताबा’ हे अरबी वंशाचे, फार्सीमार्गे आलेले शब्द त्या मानाने तटस्थ आहेत.

या गृहीताची परीक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांत झालेली आढळते. १९७९ साली कर्नाटकातील एका अपिलात खालच्या न्यायालयांनी नोटा जवळ होत्या यावरूनच आरोपीच्या ज्ञानाचे अनुमान केले होते. नोटा नुसत्या दृष्टिक्षेपातच खोट्या वाटाव्यात अशा असत्या, तर ते अनुमान ग्राह्य ठरले असते. परंतु त्या तशा होत्या असा पुरावा आलेला नव्हता आणि आरोपीलाही त्याविषयी प्रश्न विचारलेला नव्हता. २००१ सालच्या छत्तीसगढमधील प्रकरणात अठरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने शंभर रुपयांची नोट देऊन एक किलो आंबे विकत घेण्याचा प्रयत्न केला. विक्रेतीला संशय आला. इतरांना नोट खोटी असल्याचे ओळखता आले, म्हणून विद्यार्थ्यालाही ते माहीत असले पाहिजे असे कनिष्ठ न्यायालयाने मानले. सर्वोच्च न्यायालयाला हे अनुमान मान्य झाले नाही. शिवाय नोटा बनावट असल्याबद्दल त्याच्या जबानीत निश्चित प्रश्न विचारलेला दिसत नव्हता. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याच्या उत्तराअभावी दोष लादता येत नाही, हे या दोन्ही निर्णयांचे समान सूत्र आहे.

याच ठिकाणी लोकभाषा आणि न्यायभाषा यांचा विरोध स्पष्ट होतो. मराठेशाहीतील पोतदार नाण्यांची पारख करी. सदोष नाण्यावर बट्टा कापला जाई. त्या व्यवहारातून भाषेने माणसांसाठी शब्द घेतले. नावाला ‘बट्टा लागतो’, दुर्वर्तनी मुलाबद्दल ‘आपलेच नाणे खोटे’ असे म्हटले जाते. नाण्याचा खोटेपणा सहज माणसाकडे संक्रमित होतो. अपील न्यायालयाने नाकारले ते नेमके हेच संक्रमण. नोट खोटी असल्याने ती जवळ असणारा खोटा ठरत नाही. पारख हा पोतदाराचा व्यवसाय होता. बाजारात येणाऱ्या प्रत्येकाकडून तीच अपेक्षा कशी करावी?

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हा विषय कलम १८० मध्ये आला असून नोटांबरोबर नाणी व मुद्रांक यांचाही तेथे समावेश आहे. ज्ञान आणि उद्देश यांची अट कायम आहे. त्याला जोडलेल्या स्पष्टीकरणानुसार वस्तू कायदेशीर मार्गाने आल्याचे व्यक्तीने प्रस्थापित केल्यास तो गुन्हा होत नाही. हे स्पष्टीकरण वरवर संरक्षक आहे; परंतु ‘प्रस्थापित करणे’ या क्रियापदाचा कर्ता ती व्यक्ती आहे, सरकार पक्ष नव्हे. बाजारातल्या सुट्या पैशांची पावती कोणी ठेवीत नाही. म्हणून हे संरक्षण मिळाले नाही, एवढ्यावरून ज्ञान सिद्ध झाले असा अर्थ काढणे म्हणजे १९७९ व २००१ च्या निर्णयांनी नाकारलेले अनुमान मागील दाराने पुन्हा आत घेणे होय.

देशी भाषांतून न्यायव्यवहार वाढत असताना अनुवादकाची जबाबदारी यामुळे गुरुतर होते. आरोपपत्रात ‘जवळ सापडल्या’ लिहावे की ‘बाळगल्या’, हा शैलीचा प्रश्न राहत नाही. पहिल्या शब्दाने वस्तुस्थितीची नोंद होते. दुसऱ्याने निकालाची सुरुवात होते.