मोबाईलवर आगळ शिकवताना माझं काय चुकलं

व्हिडिओत जे घाईत सांगितलं ते इथे नीट लिहितोय.

25 मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला. आयटीआय बंद, प्रशिक्षण वर्ग बंद. पण एप्रिल-मे म्हणजे आपल्या मालवणात रातांब्यांचा सिझन, ते झाडावर थोडेच थांबणार? मुंबईहून परतलेल्या एका ताईला मी व्हॉट्सअॅपवर आगळ शिकवलं. "मीठ दोन मुठी घाला," असं सांगितलं. तिची मूठ लहान. आठवड्यात बुरशी आली, सगळा माल फेकावा लागला. चूक माझीच. वर्गात समोर हाताने दाखवायचो, त्यामुळे वजन सांगायची कधी वेळच आली नव्हती.

मग पद्धत बदलली. रातांबे आणि मीठ दोन्ही काट्यावर, आणि रोज सकाळी बरणीचा फोटो पाठवायचा. वास मात्र फोनमधून येत नाही ना! म्हणून पहिल्यांदा दोनच किलोचं करायचं, बिघडलं तरी खिसा सांभाळतो.

हिशोब उलट मोबाईलवरच छान शिकवता आला. बाटली, झाकण, लेबल, गाडीभाडं आणि स्वतःची मजुरी (ही बहुतेक जण धरतच नाहीत). एफएसएसएआयचा अर्जही घरबसल्या झाला. तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला 100 रुपये.

2021 च्या सिझनला ताई पुन्हा बसली, या वेळी काटा घेऊन. 16 मे ला तौक्ते वादळाने झाडावरचे उरलेले रातांबे झोडपले, पण तोवर तिच्या चाळीस बाटल्या भरून झाल्या होत्या.