वचन कोणाचे? अंकिताचा अभ्यास



आपण नित्य ज्या वचनांचे पठण करतो, त्यांपैकी एखादे वचन महात्मा बसवेश्वरांचे नसून अन्य शरणांचे आहे असे संशोधकांनी दाखविले, तर श्रद्धाळू मन दुखावते. अशा चिकित्सेने भक्तीला काय लाभ, असेही वाटते. त्याचा शांतपणे विचार करू.

अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा असते. शरणांनी मात्र वचनाच्या शेवटी स्वतःचे नव्हे, तर आराध्याचे नाव घातले. यासच अंकित म्हणतात. बसवण्णांचे 'कूडलसंगमदेव', अल्लमप्रभूंचे 'गुहेश्वर', सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचे 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन'. शरणांचे मीपण गळाले. वचनकार ओळखण्याची मुख्य खूण म्हणून अंकित तेवढे उरले.

वचने बाराव्या शतकातील. परंतु त्यांच्या उपलब्ध ताडपत्री पोथ्या बहुतांशी पंधराव्या शतकानंतरच्या आहेत. नकलांची नक्कल होताना अक्षरे गळतात. चन्नबसवण्णांचे अंकित 'कूडलचन्नसंगमदेव'. त्यातील 'चन्न' गळले की भाच्याचे वचन मामांच्या नावावर जाते!

वचनपितामह डॉ. फ. गु. हळकट्टी यांनी विजापुरात वकिली करीत गावोगावच्या पोथ्या जमविल्या आणि १९२३ मध्ये 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले. पुढे छापखान्यासाठी त्यांनी राहते घरही विकले. १९९३ मध्ये कर्नाटक शासनाने डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्या प्रधान संपादकत्वाखाली समग्र वचनांचे १५ खंड प्रसिद्ध केले. पोथीशी पोथी ताडून पाहणे, पाठभेद नोंदविणे, संशयित वचने वेगळी काढणे, ही पाठचिकित्सेची रीत आहे. हेही कायकच होय.

यातून काय साधते? आयदक्की मारय्यांचे अंकित 'अमरेश्वरलिंग'. त्यांच्या धर्मपत्नी लक्कम्मांचे 'मारय्यप्रिय अमरेश्वरलिंग'. सांडलेले तांदूळ वेचणे हे या दांपत्याचे कायक. एकदा पतीने गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा ते परत करावयास लावणाऱ्या या माउली. लेखकाच्या हातून 'मारय्यप्रिय' एवढा एक शब्द सुटला, तर त्यांची वाणी पतीच्या नावे जमा होईल. ज्यांनी दासोहासाठीसुद्धा अधिकाचा दाणा घेतला नाही, त्यांचे वचन दुसऱ्याच्या पदरात टाकणे आपल्याला शोभेल काय?

संशोधनाने वचनाचे मोल घटत नाही; ज्याचे त्याला मिळते, इतकेच. बसवण्णांच्या मोठेपणास उसन्या वचनांची गरज नाही. शरणांनी अरिवू म्हणजे जाणीव हाच गुरू मानला. मग जाणीव वाढविणाऱ्या अभ्यासाचे भय कशाला?

या महिन्याचा अभ्यास : आपणांस पाठ असलेली पाच वचने लिहून काढा. प्रत्येकाचे अंकित अधोरेखित करा आणि छापील संपादित आवृत्तीशी ताडून पाहा. मराठी अनुवादात अंकित गळले असेल, तर ते समासात लिहून ठेवा. मगच पठणास बसा.

शरणु शरणार्थी.